वर्ष पूर्ण नाही

सरकारने माझी वर्षं एकाखाली एक
लावून ठेवली आहेत,
वाण्याच्या वहीतल्या उधारीसारखी.
२००५ : पूर्ण.
२००६ : पूर्ण.
२००७ : वर्ष पूर्ण नाही.
आणि मग खाली, बोट दुखेपर्यंत खाली,
पूर्ण नाही, पूर्ण नाही, पूर्ण नाही.

इथलं सरकारी वर्ष सहा एप्रिलला सुरू होतं.
रेणू झाली चार एप्रिलला.
म्हणजे जुन्या वर्षाचे शेवटचे दोन दिवसही तिने घेतले,
आणि नंतरची सगळी.

२००७ साली मी काय करत होते?
हडर्सफील्डमधल्या चढावरच्या त्या घरात
तिच्या तोंडावर दम्याचा मुखवटा धरून
दहा श्वास मोजत होते, सकाळी दहा, रात्री दहा.
मोजण्यात माझी चूक होत नसे.
२०१३ : शार्दूल चार वर्षांचा, बोलत नव्हता.
मी दुधाचं, बुटाचं, दाराचं चित्र कापून
फ्रीजला चिकटवत होते.
दार हा शब्द त्याने सर्वांत आधी म्हटला.
वर्ष पूर्ण नाही.

गालिच्यांच्या गोदामात दोन वर्षं बिलं केली होती,
तिथली पेन्शन अजून आहे.
दर जूनला पाकीट येतं.
यंदा चार हजार एकशे बारा पौंड,
गेल्या साली चार हजार नव्वद.
मी घरी बसून होते, असं सगळे म्हणतात.
खरं बसून होती ती रक्कम,
तिला बावीस पौंड मिळाले.

हेमकांत म्हणाला, गाळलेली वर्षं विकत घेता येतात,
एकेक नऊशेच्या आसपास.
काहींची मुदत टळली, काही अजून मिळतील.
मी निवडायला बसले,
मंडईत वांगी दाबून बघावीत तशी.
२०२२ घेऊ?
त्या वर्षी आई गेली, मी मँचेस्टरच्या विमानतळावर
तीन तास उशिराच्या पाटीखाली बसले होते.
ते पूर्ण करून मिळत असेल
तर नऊशे फार नाहीत.

मग फोन लावला. बेचाळीस मिनिटं एकच वाद्य वाजत राहिलं,
तेवढ्यात कणीक मळून झाली.
पलीकडे मॉरीन.
तिने विचारलं, मुलांचा भत्ता कोणाच्या नावावर होता, लव्ह?

कोणाच्या नावावर?
तो फॉर्म आठवला मला.
दवाखान्याच्या पिशवीत डायपरच्या खाली आला होता.
मला टाके होते, बँकेतलं खातं त्याचं होतं,
त्याने भरला. दोन मिनिटांचं काम.

मुलं सांभाळल्याबद्दल वर्षं जमा होतात, मॉरीन म्हणाली,
बारा वर्षांचं होईपर्यंत. पण ज्याचं नाव, त्याच्या खात्यात.
म्हणजे माझे ते सगळे श्वास, ती चित्रं,
गेली हेमकांतच्या खात्यात,
जिथे प्रत्येक वर्ष आधीच पूर्ण होतं.
भरल्या रांजणात ओतत होते मी
आणि पाणी कुठे जातं ते कुणी बघितलं नाही.
त्यानेही नाही. हेही खरं.

एक अर्ज असतो, ती म्हणाली, इकडचं तिकडे करायचा.
दोघांच्या सह्या लागतात. खात्री देत नाही.
मग थोडं थांबून,
नियमात नसलेल्या आवाजात : माझ्या आईला हे कुणी सांगितलंच नाही.

रात्री हेमकांतने चष्मा लावून अर्ज पूर्ण वाचला.
दोनदा.
पेन उमटेना, गॅसच्या बिलावर त्याने गोल गोल काढले.
कुठे करू सही, म्हणाला.
मी बोट ठेवलं.
तो सॉरी म्हणाला नाही, मी वाट पाहत नव्हते.
थोडी पाहत होते.

शार्दूल खाली आला, आता दाराइतका उंच.
काय चाललंय?
तुझी वर्षं परत घेतेय, मी म्हटलं, बाबांकडून.
बोलण्याआधी तो थांबतो, अजूनही.
सगळी?
बारापर्यंतची.
त्याने मान हलवली,
आणि दोन टोस्ट लावले.